अधीन राहून

बरेच दिवस इकडे काही लिहिलं नव्हतं. कारण विशेष काही नाही, आळस. पण मध्यंतरी पाटणला गेलो होतो तेव्हा भाचीने एक प्रश्न विचारला, आणि त्याचं नीट उत्तर मला तिथे देता आलं नाही. गाडीत बसल्यावर सुचलं, ते पुण्याला येईपर्यंत वाढत गेलं. म्हणून हा खटाटोप. नातेवाईक मंडळींपैकी काहींना यातला अर्धा भाग माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांनी आईला फोन करून विचारू नये, ही विनंती.

भाची साताऱ्याच्या इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेजातून एल.एल.बी. झाली. वर्षभर कऱ्हाडला एका वकिलांकडे ज्युनिअरशिप केली (म्हणजे तारखा घेतल्या आणि झेरॉक्सच्या रांगेत उभी राहिली, हे तिचंच वर्णन). आता पुण्यात एका कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटला लागली आहे. घरी पेढे वाटून झाले. आमच्या आईला मात्र ते काही पटेना.

"म्हंजी कोर्टात जायाचं न्हाय?"

"नाही गं आजी."

"काळा डगला?"

"तोही नाही."

"मग वकील कसली गं तू?"

मंडळी, आईचा हा प्रश्न मी गेली पंचवीस वर्षं झेलतोय. आणि गंमत म्हणजे कायद्याचंही मत जवळपास तिच्यासारखंच आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ४९ क्रमांकाचा नियम सांगतो, की पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवायची आणि तसं आपल्या बार कौन्सिलला कळवायचं. हिमाचल प्रदेशातल्या वीज मंडळाचे एक कायदा अधिकारी या मुद्द्यावर सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते. २००१ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात लागला. म्हणजे आम्ही कायदा शिकलेले, कायद्याचं काम करणारे, पण कायद्याच्या भाषेत 'वकील' नसलेले लोक. धड ना घरचे ना घाटावरचे.

असो. जेवणं झाल्यावर भाची ओसरीवर येऊन बसली आणि म्हणाली, "मामा, पहिल्याच आठवड्यात मला सांगितलंय की महत्त्वाचं काही मेलवर लिहायचं नाही. फोनवर बोलायचं. सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय म्हणे. खरं का?"

निकाल खरा आहे. निष्कर्षाबद्दल मात्र मला बोलायचंय.

आधी निकाल थोडक्यात, कारण हे वाचणारे सगळे काही कायदेवाले नाहीत. जून २०२५ मध्ये ईडीने दोन ज्येष्ठ वकिलांना समन्स पाठवली होती. बराच गदारोळ झाला, समन्स मागे घेतली गेली, पण वकिलाला त्याच्या पक्षकाराबद्दल चौकशीला बोलावता येतं का हा प्रश्न सुप्रीम कोर्टाने स्वतःहून हातात घेतला. ३१ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा निकाल आला. वकील आणि पक्षकार यांच्यातली गोपनीयता कोर्टाने चांगली भक्कम केली. पण त्याच निकालात आमच्यासारख्या पगारी लोकांबद्दल एक परिच्छेद आहे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या १३२ कलमातलं संरक्षण कोर्टात वकिली करणाऱ्यांना आहे, कंपनीच्या नोकरीतल्या कायदेवाल्यांना नाही. कंपनीने बाहेरच्या वकिलाशी केलेला पत्रव्यवहार १३४ कलमाखाली सुरक्षित. पण साहेब आणि त्याचा स्वतःचा लीगलवाला यांच्यात जे लिहिलं-बोललं गेलं, त्याला ते कवच नाही.

आपल्या महाराष्ट्रात हे जास्त टोचलं. कारण मुंबई हायकोर्टाने फार पूर्वी, मुंबई महापालिका विरुद्ध विजय मेटल वर्क्स या प्रकरणात (१९८२ च्या रिपोर्टात आहे) उलट सांगितलं होतं. पगारी असला तरी मालकाला कायद्याचा सल्ला देणारा माणूस हा सल्लागारच, त्याच्या सल्ल्याला बाहेरच्या वकिलाइतकंच संरक्षण, असं. त्या निकालाच्या सावलीत आम्ही चाळीसेक वर्षं निवांत नोटा लिहिल्या. युरोपच्या कोर्टाने २०१० मध्येच आमच्या जातभाईंना हे संरक्षण नाकारलं होतं, तेव्हा आम्ही "तिकडचं तिकडे" म्हणून पान उलटलं.

निकाल आला त्या रात्री आमच्या लीगलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसता धुरळा. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उपाय तयार झाला होता: लिहू नका. बोला. फारच लिहावं लागलं तर असं लिहा की कुणाला काही कळू नये.

हा शेवटचा प्रकार मी एकदा केलेला आहे. ती गोष्ट सांगतो.

पाटणला कधी आला असाल तर कोयना आणि केरा नद्यांच्या संगमावरचं आमचं गाव तुम्ही पाहिलं असेल. चहूबाजूंनी डोंगर आणि त्यांच्या माथ्यावर लांबच लांब पठारं. वनकुसवड्याला, सडावाघापूरला आज पवनचक्क्या फिरताना दिसतात. साधारण २००० च्या आगेमागे त्या यायला लागल्या. त्याआधी ही पठारं म्हणजे वारा, धुकं, नाचणी-वरी आणि गुरं. तिथल्या जमिनीला कुणी विचारत नव्हतं, आणि मग एकदम सगळेच विचारायला लागले.

मी तेव्हा एका कंपनीत होतो. नाव सांगत नाही, पठाराचंही सांगत नाही. २००६ सालची गोष्ट. कंपनीला पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या. त्या काळी पवनचक्कीवर ८० टक्के घसारा मिळायचा, त्यामुळे नफ्यातल्या कंपन्यांना मार्चच्या आत पातं फिरवायची घाई असायची. (ही सवलत २०१२ मध्ये गेली, २०१४ मध्ये परत आली आणि २०१७ पासून ४० टक्क्यांवर आली.) जमिनी एजंट गोळा करायचे, आम्ही कागद तपासायचे. साहेब म्हणाले, "तुमच्याच तालुक्यातलं काम आहे, तुम्हीच बघा." मला बरं वाटलं. गावाकडचं काम, आपल्याला जास्त कळतं, असा एक तोराही होता.

कागद मी पुण्यात बसून तपासले. कंपनी शेतकरी नसते, त्यामुळे कूळकायद्याचं कलम ६३, औद्योगिक वापरासाठीचं ६३-१अ, परवानग्या, हे सगळं मी डोळ्यांत तेल घालून बघितलं. ते सगळं बरोबर होतं. एका गटाचे फेरफार वाचताना मात्र थांबलो. खातेदार वारलेला. वारस म्हणून दोन मुलगे आणि दोन मुली लागलेल्या. आणि महिन्याभरात दुसरा फेरफार: बहिणींनी स्वखुशीने हक्क सोडला, वर्दी दिली, सबब नावं कमी केली. बस्स. हक्कसोडपत्राचा दस्त क्रमांक नाही, कारण दस्तच नव्हता.

आता हे कायद्याच्या पहिल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कळतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून बापाच्या वाट्यात मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे. जमिनीतला हक्क सोडायचा तर रजिस्टर दस्त लागतो, तलाठ्याकडच्या अर्जाने तो जात नाही. फेरफार म्हणजे सारा कुणाकडून घ्यायचा याची नोंद. त्याने मालकी ना येते ना जाते.

मी एजंटला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, बहिणींचं काय घेऊन बसलाय, त्यांची साडीचोळी झालीय." मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "अडचण आहे का नाही ते एका शब्दात सांगा, बोर्डाला फाईल जायचीय."

आणि मी एका शब्दात सांगितलं नाही. नोट लिहिली, इंग्रजीत, चांगली चार पानांची. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात वाक्य टाकलं: फेरफार क्रमांक अमुकच्या पडताळणीच्या अधीन राहून टायटल स्वच्छ आहे.

'अधीन राहून'! कसला सुरेख शब्द आहे बघा. साहेबांनी 'स्वच्छ' वाचलं. मी 'अधीन राहून' लिहून मोकळा झालो. पडताळणी कुणी करायची हे त्या वाक्यात नव्हतं, त्यामुळे ती कुणीच केली नाही. खरेदीखत झालं, रस्ता झाला, खांब उभा राहिला. मी पठारावर एकदाही गेलो नाही. पाटणच्या घरी मात्र त्या वर्षात चारदा गेलो असेन.

दोन वर्षांनी पाटणच्या कोर्टात दावा लागला. वाटपाचा आणि मनाईचा. वादी दोन बहिणी. वकीलपत्र, जबाब वगैरे बाहेरचे वकील बघत होते, मी माहिती पुरवत होतो. दाव्याची प्रत वाचताना एका वादीचं सासरचं गाव वाचलं आणि चरकलो. संध्याकाळी आईला फोन केला. आई म्हणाली, "आरं ती तर आपली मावशी." सख्खी नव्हे. आईच्या माहेरी लहानपणी शेजारी राहायच्या, पाटणच्या बाजाराला आल्या की आमच्याकडे चहा व्हायचा. मी त्यांच्या हातचं खाऊन वाढलोय. फेरफारात त्यांचं नाव बापाच्या नावासकट होतं. मी ते वाचलं होतं, पण ओळखलं नव्हतं.

मी साहेबांना लेखी कळवलं की वादी ओळखीच्या आहेत, मला या कामातून काढा. साहेब हसले, "मग तर बरंच आहे की, मिटवून टाका." काढलं काही नाही.

पुढच्या खेपेला पाटणला गेलो तर मावशी घरी आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी. आमच्या तालुक्यात ही पिशवी घरोघरी असते. कोयना धरणात गावं गेली तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, तो महाराष्ट्रात १९७६ मध्ये झाला. तोवर बुडालेले लोक कागद घेऊन हिंडत राहिले, त्यांची मुलं-नातवंडं २०१८ मध्येसुद्धा कोयनानगरला ठिय्या देऊन बसली होती. तेव्हा इथला माणूस एक वेळ दागिना हरवेल, कागद हरवणार नाही. मावशींच्या पिशवीत बापाचा मृत्यूचा दाखला होता, जुना सात-बारा होता आणि तो फेरफार होता. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी कोणता कागद कोणता हे त्यांना घडीवरून कळत होतं.

फेरफार माझ्यासमोर धरून त्यांनी विचारलं, "ह्यो तू वाचला व्हतास का रं?"

बास, एवढंच. आवाज चढवला नाही, रडल्या नाहीत.

विरुद्ध बाजूच्या पक्षकाराशी, त्यांचे वकील समोर नसताना, प्रकरणाबद्दल बोलायचं नसतं. हा नियम चांगला आहे, आणि मी तो पाळला. म्हणालो, "मावशी, मला यावर बोलता येत नाही. तुमच्या वकिलांना विचारा." मावशी "बरं" म्हणाल्या. चहा घेतला नाही. आईने त्यानंतर दोन दिवस माझ्याशी फारसं बोलणं ठेवलं नाही. आज विचार केला तरी त्या दिवशी दुसरं काय बोलायला हवं होतं ते मला सांगता येत नाही. जे बोलायचं ते दोन वर्षं आधी, त्या नोटेत बोलायचं होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. त्यांच्या वकिलांनी अर्ज दिला, की कंपनीने खरेदीपूर्वी काढलेला टायटल रिपोर्ट कोर्टात हजर करावा. आमच्या वकिलांनी विजय मेटल वर्क्सचा आधार घेऊन हरकत घेतली: तो पगारी कायदा अधिकाऱ्याचा गोपनीय सल्ला आहे. हरकत मान्य झाली. माझी नोट कोर्टासमोर कधी आलीच नाही. कागद वाचणाऱ्याने वाचला होता, त्याला शंका आली होती आणि त्याने ती चौथ्या पानावर पुरून ठेवली होती, हे कुणाला कळलं नाही. २०१३ मध्ये लोकअदालतीत प्रकरण मिटलं. कंपनीने जी रक्कम दिली ती सुरुवातीलाच बहिणींना खरेदीखतात लिहून देणार म्हणून घेऊन द्यावी लागली असती त्याच्या कितीतरी पट होती. मावशींची धाकटी बहीण तोवर वारली होती, तिच्या मुलांनी सह्या केल्या. कंपनीत सगळे म्हणाले, बरं झालं नोट बाहेर आली नाही. मीही तेच म्हणालो.

म्हणून आता ३१ ऑक्टोबरच्या निकालाबद्दल माझं मत विचाराल तर जरा अडचण आहे. कायदा म्हणून तो मला थोडा खटकतो. कवच नाही म्हटल्यावर कंपनीतली माणसं शंका घेऊन आमच्याकडे यायचीच बंद होतील, चूक लवकर उघडी पडण्याऐवजी उशिरा पडेल, ही भीती अगदीच खोटी नाही. अमेरिकेत कंपनीच्या आतल्या वकिलालाही हे संरक्षण आहे, आणि तिथलं आकाश काही कोसळलेलं नाही. पण निकालात कारण म्हणून जे दिलंय, की पगारी माणूस सल्ला देत असला तरी मालकाच्या धंद्याच्या गणिताचा त्याच्यावर परिणाम होणार, तो मालकाला बांधलेला राहणार, ते वाचल्यावर मी गप्प बसलो. २००६ च्या मार्चमधलं माझंच वर्णन होतं ते.

तेव्हा भाचीला, आणि तिच्यासारखी जी पोरं-पोरी या धंद्यात शिरतायत त्यांना, माझं सांगणं ग्रुपवरच्या उपायाच्या बरोबर उलट आहे. लिहा. पण असं लिहा की उद्या कुणी परक्याने वाचलं तर मान खाली घालावी लागू नये. 'बोला, लिहू नका' हा सल्ला कंपनीला वाचवत नाही. तो फक्त त्या दिवसापुरता साहेबाला वाचवतो. फोनवरचं बोलणं दोघांना दोन प्रकारे आठवतं, आणि नोकरी जाते ती ज्याचा पगार कमी असतो त्याची.

बाकी काही घरगुती युक्त्या. मोठं काही नाही. मला कुणी सांगितल्या नव्हत्या म्हणून सांगतो.

पहिलं म्हणजे सनद. नोकरी धरलीस, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाला कळव आणि त्याची पोच जपून ठेव. हे काम टाळणारे भरपूर आहेत. दुसऱ्यांना कायदा पाळायला सांगायचा पगार घेणाऱ्याने स्वतःपासून सुरुवात करावी. पुढे परत कोर्टात जावंसं वाटलं तर हाच कागद कामाला येईल.

दुसरं, तुझा पक्षकार कोण ते विसरू नकोस. साहेब नव्हे, कंपनी. साहेब बदलतात. आतल्या एखाद्या चौकशीत कामगाराला किंवा मॅनेजरला समोर बसवलंस तर आधी सांग, की बाबा, मी कंपनीच्या बाजूची आहे, तुझी वकील नाही. तो तुला ताई म्हणून सगळं सांगून मोकळा होईल आणि मग ते त्याच्याच विरुद्ध वापरलं जाईल, असं होऊ देऊ नकोस. आणि कुठल्या कामात ओळखीचं, नात्याचं कुणी निघालं तर त्याच दिवशी लेखी कळव. हसले तर हसू देत.

तिसरं, तारखा. कंपनीची निम्मी प्रकरणं कायद्याने नाही, कॅलेंडरने हरतात. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस. ते संपले की महिन्याच्या आत फिर्याद. कमर्शियल दाव्यात समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत कैफियत गेली नाही तर कोर्टालाही ती घेता येत नाही. आणि समन्स कुठे येतं? फॅक्टरीच्या गेटवर. तिथला वॉचमन शिक्का मारून घेतो आणि ड्रॉवरमध्ये ठेवतो. म्हणून लागल्या लागल्या गेटवर जा, वॉचमनकाकांशी ओळख कर, आणि कोर्टाचा लिफाफा कसा दिसतो ते त्यांना दाखव. माझ्या मते लीगल डिपार्टमेंटचा सर्वांत महत्त्वाचा माणूस तोच.

चौथं, जुने फॉर्मॅट. प्रत्येक कंपनीत एक पिढीजात ॲग्रीमेंट असतं, फक्त नावं बदलून चालवलेलं. ते एकदा सलग वाच. त्यात 'वाद झाल्यास आमचे मॅनेजिंग डायरेक्टर लवाद नेमतील' असं कलम हमखास सापडेल. २०१९ च्या पर्किन्स ईस्टमनच्या निकालानंतर त्याचा उपयोग नाही. माल घेतल्यावर ९० दिवसांनी पैसे देऊ असंही लिहिलेलं असेल. समोरचा सूक्ष्म किंवा लघु उद्योगवाला असेल तर लेखी करार करूनही ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. गेलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. कुपवाडच्या नाहीतर कऱ्हाडच्या एमआयडीसीतला छोटा वर्कशॉपवाला या व्याजासाठी भांडायला येणार नाही, कारण त्याला पुढची ऑर्डर हवी असते. पण म्हणून ते कलम बरोबर ठरत नाही. अकाउंट्सवाल्यांना आपणहून सांग. स्टॅम्पचंही तेच. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या जागी पाचशेचा आला तरी कित्येक ठिकाणी मेलवर जुनाच मसुदा फिरतोय.

पाचवं, जागेवर जा. जमीन असेल तर जमिनीवर, मशीन असेल तर मशीनजवळ. सात-बारावर जे नसतं ते बांधावर विचारलं की दहा मिनिटांत कळतं. "या घरात लेकी किती?" एवढं एक वाक्य मी त्या पठारावरच्या पहिल्या घरी विचारलं असतं, तरी पुढचं सगळं वाचलं असतं.

आणि सहावं, ज्यासाठी हे सगळं लिहितोय, ती नोट. एक पान. वर साहेबाचा प्रश्न, त्याच्याच शब्दांत. मग मी कोणते कागद पाहिले, कोणते पाहिले नाहीत. मग अडचण, सरळ: दोन बहिणींचा हक्क कायम आहे, रजिस्टर दस्त नाही, खरेदी केली तर दावा लागू शकतो. मग वाट: बहिणींना भेटा, खरेदीखतात घ्या, त्यांचा मोबदला त्यांच्या हातात द्या. कुणी करायचं, कोणत्या तारखेपर्यंत, तेही लिही. नुसतं 'नाही' म्हणणाऱ्या लीगलवाल्याला दुसऱ्यांदा कुणी विचारत नाही, म्हणून वाट दाखवल्याशिवाय नोट संपवू नकोस. ऐकीव माहिती आणि स्वतःचं मत वेगवेगळं ठेव. कुणाबद्दल शेरे नकोत, विनोद नकोत, दहा जणांना कॉपी नको. खरोखरच नाजूक प्रकरण असेल, चौकशीची, फौजदारीची शक्यता असेल, तर बाहेरच्या वकिलाला पहिल्याच दिवशी बोलाव, म्हणजे कंपनीचा त्यांच्याशी होणारा पत्रव्यवहार तरी कायद्याच्या आडोशाला राहील. यात लबाडी काही नाही, कायद्यानेच ठेवलेलं दार आहे ते. पण आपल्या शंकेला ओझं वाहायला बाहेरचा माणूस मिळाला म्हणून आपण सुटलो असंही समजू नकोस.

'अधीन राहून' लिहायचा मोह होईल तेव्हा थांब. कुणी, काय, केव्हा हे त्यापुढे लिहिता आलं तर ठेव, नाहीतर खोड. एवढं सगळं करूनही साहेब नाही म्हणाला तर? म्हणू दे. धंदा त्याचा, निर्णय त्याचा. कधी कधी त्याचंच बरोबर असतं, आम्हा लोकांना सगळीकडे खड्डेच दिसतात. पण निर्णय त्याने खड्डा बघून घेतलेला असावा. आपण त्यावर गवत पसरलेलं नसावं.

हे सगळं मी भाचीला ओसरीवर सांगू शकलो नाही, कारण आई शेजारी बसून लसूण सोलत होती. मी एवढंच म्हणालो, "लिहायचं. नीट लिहायचं." आईने मान वर करून बघितलं आणि परत लसूण सोलायला लागली. मावशी आता नाहीत. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर 'हो, वाचला होता' असं होतं. ते इतक्या वर्षांनी इथे लिहितोय. याला कुठल्या कलमाचं संरक्षण आहे की नाही, ते आता तपासत बसत नाही.

उन्हाळ्यात भाचीला घेऊन पठारावर जायचं ठरलंय. तिला पवनचक्की बघायची आहे. मला तो रस्ता.